रजा अजून बाकी होती, पण तो ड्युटीवरच निघाला होता

प्रश्न : माझे पती सैन्यात नाईक होते. १३ वर्षं नोकरी झाली. वार्षिक रजा १९ नोव्हेंबर २०२१ पर्यंत होती, आणि १७ तारखेला ते जम्मूला युनिटमध्ये परत निघाले होते. संध्याकाळी पुण्याहून झेलम एक्सप्रेस होती. सकाळी माझे दीर त्यांना मोटरसायकलवरून साताऱ्याला एसटी स्टँडवर सोडायला निघाले आणि वळणावर उसाच्या ट्रॅक्टरची मागची ट्रॉली अंगावर आली. मांडीचं हाड मोडलं, गुडघा कायमचा आखडला. दोन ऑपरेशनं झाली आणि जून २०२३ मध्ये ते बोर्ड-आऊट झाले, म्हणजे वैद्यकीय मंडळाने अपात्र ठरवून त्यांना घरी पाठवलं. बोर्डाने अपंगत्व ४० टक्के धरलं, पण 'दुखापत रजेवर असताना झाली, सेवेशी संबंध नाही' असं लिहून अपंगत्वाचं पेन्शन नाकारलं. हे पत्र येऊन चार महिने झाले. बँकेच्या पगार खात्यावरच्या अपघात विम्याचा दावाही 'उशिरा कळवलं' म्हणून फेटाळला गेला. एजीआयचे पैसे मिळाले आहेत, साधं पेन्शन चालू आहे. हे म्हणतात, 'जाऊ दे, मिळतंय त्यात भागवू.' अपील केलं तर मिळालेलं परत मागतील का? (सातारा जिल्ह्यातून एक भगिनी)

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्या भीतीपायीच चार महिने गेलेत असं पत्र वाचताना वाटलं. अपील केलं म्हणून कुणी काही परत मागणार नाही. एजीआय हा जवानांनी दर महिन्याला पगारातून भरलेल्या वर्गणीवर चालणारा गटविमा. मुदतीआधी बोर्ड-आऊट झाल्यावर तो मिळतो. आणि साधं पेन्शन म्हणजे इनव्हॅलिड पेन्शन. दहा वर्षांच्या वर नोकरी झालेला जवान वैद्यकीय कारणाने घरी आला की ते मिळतंच. ते मिळत असल्यामुळे पुष्कळ घरांत असा समज होतो की जे द्यायचं ते सरकारने दिलं. तुमच्या पतींचं राहिलंय ते अपंगत्वाचं अंग, म्हणजे डिसॅबिलिटी एलिमेंट. ती वेगळी रक्कम आहे.

ती किती, ते पाहा. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या हिशेबी पगाराच्या ३० टक्के, आणि त्याहून कमी अपंगत्वाला त्या प्रमाणात. बोर्ड-आऊट झालेल्या जवानाचं ५० टक्क्यांहून कमी अपंगत्व ५० टक्के धरायचं, असा नियम आहे. तो फायदा नोकरीची मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही द्यावा, हे सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार प्रकरणात मान्य केलं. म्हणजे तुमच्याकडे ४० चे ५० होतात. समजायला सोपं म्हणून शेवटचा पगार ४०,००० रुपये धरू. त्याचे ३० टक्के १२,०००, आणि अर्धे ६,०००. दर महिन्याला ६,००० रुपये, त्यावर महागाई भत्ता, आणि हे आयुष्यभर. शिवाय बोर्ड-आऊट झालेल्या जवानाच्या अपंगत्व पेन्शनवर आयकर लागत नाही. 'जाऊ दे' म्हणण्यासारखी ही रक्कम नाही. पतींना हा हिशेब कागदावर मांडून दाखवा.

आता मूळ मुद्दा. नकाराच्या पत्रात कारण एकच दिलंय : 'रजेवर असताना.' हे कारण अर्धंच आहे. रजेवरच्या अपघातात न्यायालय विचारतं की जवान त्या वेळी काय करत होता. जुझार सिंह प्रकरणात जवान वार्षिक रजेवर आपल्या गावी होता, स्कूटरला अपघात झाला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दावा नाकारला. गावातल्या त्या फेरीचा सैन्याच्या कामाशी काही संबंध नव्हता. तुमच्याविरुद्ध हाच निकाल पुढे करतील, त्यामुळे आधीच सांगून ठेवतो. दुसरा निकाल १९९९ चा, मदन सिंह शेखावत यांचा. ते कॅज्युअल रजेवर घरी जात होते, रेल्वेतून उतरताना अपघात झाला. सरकारचं म्हणणं होतं की हा प्रवास सरकारी खर्चाने नव्हता, म्हणून ड्युटीत धरता येणार नाही. न्यायालयाने ते मानलं नाही. जवानाच्या हिताचा नियम उदारपणे वाचायचा, असं सांगून पेन्शन दिलं.

तुमच्या पतींची बाजू तर त्याहून भक्कम आहे. सैन्याच्या एन्टायटलमेंट नियमांतच, म्हणजे अशा पेन्शनचा हक्क ठरवणाऱ्या नियमांतच, लिहिलंय की रजेच्या ठिकाणाहून ड्युटीवर परत जाण्याचा प्रवास सरकारी खर्चाचा असेल, म्हणजे वॉरंटवरचा (सरकारी खर्चाने रेल्वे प्रवासासाठी मिळणारा कागद) किंवा सवलतीच्या फॉर्मवरचा, तर तो ड्युटी समजायचा. वॉरंट प्रवासाच्या काही भागापुरतंच असलं तरीही. पुणे ते जम्मू रेल्वेचं वॉरंट, आणि गावातून पुण्याला पोचायचं तर आधी साताऱ्याचा स्टँड गाठावाच लागतो. तुमचे दीर त्यांना लग्नाला नेत नव्हते की बाजाराला. पाठीवर सॅक होती, खिशात रजेचा कागद होता, संध्याकाळची गाडी होती. रजा १९ तारखेपर्यंत होती आणि अपघात १७ ला झाला, असंही तुम्ही लिहिलंय. हे तुमच्या विरोधात जातंय अशी तुम्हाला धास्ती वाटते. पण झेलम जम्मूला पोचायला दोन रात्री लागतात. १९ ला हजर व्हायचं तर १७ लाच निघायला हवं. तारखांचा हा मेळ अपिलात ठळकपणे मांडा. बोर्डाच्या डॉक्टरांनी तो पाहिलाच नसणार. त्यांच्यापुढे फॉर्मवर एक चौकट होती, त्यात 'रजेवर' लिहिलेलं होतं, आणि त्यांनी खाली 'नाही' असं नोंदवलं.

इथे बहुतेक लोक एक चूक करतात. सिव्हिल सर्जनकडून ६० टक्क्यांचा दाखला आणतात, त्यासाठी चार हेलपाटे घालतात आणि अपिलाला तोच जोडतात. तुमच्या प्रकरणात टक्केवारीचा वाद नाहीच. अपंगत्व सेवेशी जोडलेलं आहे की नाही, हे आजारांच्या बाबतीत वैद्यकीय मंडळ पाहतं. दुखापतीच्या बाबतीत तो निर्णय प्रशासनाचा, म्हणजे युनिट आणि रेकॉर्ड ऑफिसच्या (जवानांच्या नोकरीचे कागद सांभाळणारं कार्यालय) अधिकाऱ्यांचा. त्यांच्यासमोर एक्स-रे ठेवून काही होत नाही. तिथे तिकीट, वॉरंट आणि पंचनामा लागतो. तसंच धरमवीर सिंह यांचा २०१३ चा निकाल. तो अपस्माराच्या आजाराचा होता. भरती होताना निरोगी असलेल्या जवानाला पुढे झालेला आजार सेवेमुळेच झाला असं गृहीत धरायचं, हे त्यात सांगितलंय. फार मोलाचा निकाल आहे, पण हल्ली प्रत्येक अर्जाला तोच चिकटवलेला दिसतो. तुमच्या अपिलात तो एका ओळीत येऊ दे. वजन शेखावत निकालावर आणि प्रवासाच्या नियमावर टाका.

कागद गोळा करायला आजच लागा. रेकॉर्ड ऑफिसला माहिती अधिकारात अर्ज करा, १० रुपये फी, अर्ज पतींच्या नावाने आणि सहीने. मागायच्या गोष्टी : मेडिकल बोर्डाची पूर्ण कार्यवाही म्हणजे एएफएमएसएफ-१६, दुखापतीचा अहवाल आयएएफवाय-२००६, कोर्ट ऑफ इन्क्वायरी (सैन्याची अंतर्गत चौकशी) झाली असेल तर जबाबांसह तिची प्रत, रजा मंजुरीचा कागद, आणि वॉरंट दिल्याची नोंद. दुखापतीच्या अहवालात कमांडिंग ऑफिसरचं मत असतं, ते नीट वाचा. 'रजेवरून परत येत असताना' असे शब्द त्यात असतील तर अर्धं काम तिथेच झालं. सैन्याच्याच कागदात ते मान्य केलेलं असेल.

पोलीस ठाण्यातून एफआयआर आणि घटनास्थळ पंचनाम्याची नक्कल काढा. दिरांचा जबाब त्याच वेळी नोंदवलेला असणार. 'भावाला स्टँडवर सोडायला चाललो होतो' हे वाक्य त्यात असलं, तर आज नव्याने केलेल्या दहा प्रतिज्ञापत्रांपेक्षा त्याला जास्त किंमत आहे. अपघाताच्या दिवशी, पेन्शनचा विषय कुणाच्या डोक्यातही नसताना ते बोललं गेलंय.

ही कागदपत्रं यायला महिना लागेल, कधी जास्तही. पहिल्या अपिलाची मुदत नकाराचं पत्र मिळाल्यापासून सहा महिने आहे, म्हणजे तुमच्या हातात दोनच महिने. कागद आले नाहीत म्हणून थांबू नका. पाचवा महिना संपायच्या आत अपील पाठवा, आणि 'माहिती अधिकारात मागितलेली कागदपत्रं मिळताच पुरवणी म्हणून सादर करू' असं शेवटी लिहा. नकाराच्या पत्रात दिलेल्या पत्त्यावर, रजिस्टर एडीने. अपिलावर सही पतींचीच हवी. तुम्ही लिहून घ्या, त्यांना वाचून दाखवा, पण सही त्यांची. भाषा साधी ठेवा. मी आत्ताच एका जवानाचं अपील वाचलं. अकरा पानांत देशसेवा, बर्फ आणि बलिदान होतं, पण गाडीचं नाव आणि तारीख कुठेच नव्हती. त्याच्या सेवेबद्दल मला आदर आहे, म्हणूनच ते वाचून जीव कळवळला. दोन पानं पुरतात.

पहिलं अपील फेटाळलं तर पुन्हा सहा महिन्यांच्या आत दुसरं अपील. तेही फेटाळलं, किंवा सहा महिने उत्तरच आलं नाही, तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यासाठी त्याचं पीठ मुंबईत आहे. नोकरी सोडलेल्या जवानाला राहत्या ठिकाणाच्या पीठापुढे जाता येतं, त्यामुळे दिल्ली-चंदीगडच्या फेऱ्या तुमच्यावर येणार नाहीत. तिथेही शेवटच्या निर्णयानंतर सहा महिन्यांची मुदत आहे. उशीर माफ होऊ शकतो, पण पेन्शनच्या उशिरा आणलेल्या दाव्यात मागची थकबाकी बहुधा तीन वर्षांपुरतीच मिळते. आत्ता वेळेत गेलात तर जून २०२३ पासूनची सगळी रक्कम मागता येईल. खरं सांगायचं तर अशी प्रकरणं पुष्कळदा अपिलात सुटत नाहीत, न्यायाधिकरणापर्यंत जावं लागतं. पहिलं अपील फेटाळलं म्हणून पतींनी पुन्हा 'जाऊ दे' म्हणू नये, यासाठी हे आत्ताच सांगतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज लिहायला मदत मिळते, तिथे जरूर जा.

बँकेच्या विम्याचा रस्ता संपूर्ण वेगळा आहे. त्यात सेवेशी संबंध वगैरे प्रश्नच नाही, करार काय म्हणतो ते पाहायचं. त्या वर्षीच्या गट पॉलिसीची प्रत बँकेकडे लेखी मागा आणि त्यात 'कायमचं अंशतः अपंगत्व' हे शब्द शोधा. पॉलिसी फक्त मृत्यू आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वापुरती असेल, तर ४० टक्क्यांवर त्यात काही मिळणार नाही, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. पण अंशतः अपंगत्व त्यात असेल, तर निव्वळ उशिराचं कारण टिकणं कठीण आहे. २०१७ च्या ओम प्रकाश निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की उशिराला पटण्याजोगं कारण असेल तर विमा कंपनीने खरा दावा यांत्रिकपणे फेटाळू नये. जवान मिलिटरी हॉस्पिटलमध्ये पायाला रॉड घालून पडलेला असताना घरच्यांना खात्यावरच्या विम्याची माहितीही नव्हती, याहून पटण्याजोगं कारण काय असतं? हॉस्पिटलात दाखल असल्याच्या तारखा जोडून आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर विमा लोकपाल, सातारकरांसाठी पुण्याचं कार्यालय. फी नाही, वकील लागत नाही, आणि मुदत कंपनीच्या नकारापासून एक वर्ष. ग्राहक आयोगाचाही मार्ग आहे, त्याला दोन वर्षं मिळतात.

आणि एका गोष्टीबद्दल तुम्ही पत्रात काहीच लिहिलेलं नाही : ट्रॅक्टर. तुमचे पती मागे बसलेले होते, गाडी चालवत नव्हते. ट्रॅक्टरचा मालक आणि त्याची विमा कंपनी यांच्याविरुद्ध साताऱ्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागितली होती का? सहा महिन्यांची मुदत १ एप्रिल २०२२ पासून आली, तुमचा अपघात त्याआधीचा आहे. एफआयआर घेऊन स्थानिक वकिलाला या आठवड्यातच भेटा. ट्रॅक्टरचा नंबर त्यातच असेल.

शेवटी एक विचारतो. त्या दिवशीचं झेलमचं आरक्षण कुठे आहे? कागद हरवला असेल तर पतींच्या किंवा दिरांच्या जुन्या फोनमध्ये तिकिटाचा मेसेज शोधा, फोन मुलांच्या हाती गेला असला तरी. आणि न वापरलेलं वॉरंट युनिटकडे परत कुणी जमा केलं, ते पतींना विचारा. ते जमा केल्याची तारीख आणि वॉरंटचा नंबर युनिटच्या रजिस्टरमध्ये सापडला, तर तो अपिलाला पहिलं जोडपत्र म्हणून लावा.