राजवाड्यावरून गेर कशी जाते?

प्रश्न : मुलीने निबंधात लिहिलं, 'रंगपंचमीला राजवाड्यावरून गेर (रंग उधळत जाणारी मिरवणूक) गेली.' घरात वाद झाला, 'समोरून' हवं की 'वरून'? शब्दशः अर्थ आणि लाक्षणिक अर्थ ओळखायचा कसा? – एक वाचक, इंदूर

उत्तर : वाक्य बिनचूक आहे, खोडू नका. 'राजवाड्यावरून कबुतरं उडाली' इथे शब्दाचा सरळ अर्थ लागतो, ती अभिधा. सात मजली वाड्याच्या डोक्यावरून गेर मात्र जाऊ शकत नाही. अशा वेळी सरळ अर्थ सोडून त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घेतात, ती लक्षणा. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने तिच्या तीन अटी सांगितल्या, त्याच क्रमाने तपासा. मूळ अर्थ अडतो का? अडतो. नव्या अर्थाचा त्याच्याशी संबंध आहे का? आहे, जवळिकीचा. मग रूढी किंवा खास हेतू आहे का? 'घरावरून वरात गेली' असं आपण सर्रास म्हणतो, म्हणजे रूढी आहे. पहिलीच अट बसली नाही तर पुढे जाऊ नका. बहुतेक चुका इथेच होतात.

वाक्प्रचारांना आणखी एक कसोटी लावा. 'नळाला पाणी सोडलं' म्हटलं की किती वाजता, किती वेळ, गढूळ की स्वच्छ, सगळं विचारता येतं. 'हक्कावर पाणी सोडलं' यात 'गढूळ' घालून पाहा, वाक्य मोडतं. दान देताना वस्तूवर पाणी सोडून तिच्यावरचा हक्क सोडायचा, त्या विधीतून हा प्रयोग आला. म्हणूनच 'उदक सोडलं' हेही चालतं.

इंदुरात खरी अडचण हिंदीच्या शेजाराची. शब्द तेच, लाक्षणिक अर्थ वेगळा. हिंदीत 'पानी-पानी होना' म्हणजे शरमणं. मराठीत जिवाचं पाणी पाणी होतं ते काळजीने, भीतीने. त्यामुळे 'चोरी पकडल्यावर तो पाणी पाणी झाला' हे मराठी नव्हे; 'ओशाळला' किंवा 'त्याची मान खाली गेली' लिहावं. मुलांच्या वह्यांत ही चूक लाल शाईने नुसती खोडू नका, दोन्ही अर्थ शेजारी शेजारी लिहून दाखवा.

'पाणी जाईल हं!' यात अर्थ कुठेच अडत नाही, तरी ऐकणारा बादली घेऊन उठतो. ही व्यंजना, म्हणजे न बोलता सुचवलेला अर्थ; लक्षणा नव्हे.

आणि 'अक्षरशः' जपून वापरा. 'रागाने तो अक्षरशः पेटला' असं लिहिलं तर कपड्यांनी पेट घेतला असा अर्थ होतो. तो शब्द काढा. 'पेटला' एकटा पुरतो.