गुरुजी, ते खातं तुमचं नव्हेच

प्रश्न : ताई, मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक. गेल्या महिन्यात फेसबुकवर माझ्या नावाचं दुसरं खातं निघालं. फोटोही माझाच, सत्काराच्या वेळचा, फेटा बांधलेला. त्यावरून माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना हिंदीत मेसेज गेले : माझा एक मित्र सीआरपीएफमध्ये अधिकारी आहे, त्याची बदली झाली आहे, फ्रीज, सोफा, इन्व्हर्टर स्वस्तात द्यायचं आहे, तो तुला फोन करेल. एका विद्यार्थ्याने पंधरा हजार रुपये पाठवले. सामान आलं नाही. मी पासवर्ड दोनदा बदलला, तरी ते खातं चालूच आहे. गावात मान वर करून चालवत नाही. त्या मुलाचे पैसे मी भरून द्यावेत का? आणि फेसबुक कायमचं बंद करू का?
– एक वाचक, कोरेगाव, जि. सातारा

उत्तर : गुरुजी, दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे. पण आधी पासवर्डचं बोलू, कारण तिथेच बहुतेकांची गल्लत होते.

तुमच्या खात्यात कुणी शिरलेलंच नाही. तुमचं खातं तुम्हाला नेहमीसारखं उघडतंय आणि हे मेसेज त्यात कुठे दिसत नाहीत, म्हणजे समोरच्याने शेजारी दुसरं खातं थाटलंय. त्याला लागतं काय? एक मोबाइल नंबर किंवा ईमेल, तुमचं नाव आणि तुमचा फोटो. नाव टाइप करायचं, फोटो तुमच्याच पानावरून उतरवून घ्यायचा. ‘हे गुरुजी तुम्हीच ना?’ असं खातं उघडताना कुणी विचारत नाही. तुमची मित्रयादी सगळ्यांना दिसत होती, त्यामुळे फसवायचं कुणाला हेही त्याला आयतं मिळालं. तुम्ही पासवर्ड शंभर वेळा बदललात तरी या माणसाला काही फरक पडणार नाही.

मी साताऱ्यात बँकेच्या काउंटरवर नोकरी केली. तेव्हा नवं खातं उघडायचं तर जुन्या खातेदाराची ओळख म्हणून सही लागायची. फेसबुकवर ही ओळख कोण देतं माहीत आहे? तुमचेच विद्यार्थी. ठग आधी सरसकट सगळ्यांना विनंती पाठवतो. दोघं-चौघं न बघता स्वीकारतात. पाचव्याला ती विनंती येते तेव्हा खाली ‘चार सामाईक मित्र’ असं दिसतं आणि तो निर्धास्त होतो. पन्नासाव्याला तर शंका घ्यायला जागाच उरत नाही.

त्यात वर्दी. आपल्या जिल्ह्यात हा डाव इतका चालतो त्याचं मला फार वाईट वाटतं. अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आपल्याकडे, देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यात निघाली, घरटी कुणीतरी फौजेत किंवा निमलष्करी दलात. बदली झाली की जवानाला सामान खरोखरच काढावं लागतं, हे आपण डोळ्यांनी पाहिलेलं असतं. म्हणून गोष्ट पटते. पुढे तो ‘अधिकारी’ वर्दीतला फोटो आणि ओळखपत्र पाठवतो. तेही बहुधा कुणा खऱ्या जवानाचंच चोरलेलं असतं. म्हणजे एका व्यवहारात दोन भल्या माणसांची नावं वापरली गेली. मग आधी गाडीभाडं, मग सामानाचे पैसे, मग ‘गाडी नाक्यावर अडली, अजून थोडे टाका’.

मेसेज हिंदीत होता, हे तुमच्या विद्यार्थ्यांना खटकायला हवं होतं. ज्या गुरुजींनी मराठीचं शुद्धलेखन घोटून घेतलं, ते हिंदीत कशाला लिहितील? पण या खुणेवर यापुढे विसंबू नका. आता यंत्राकडून नीटनेटकं मराठी लिहून घेता येतं, थोडंसं रेकॉर्डिंग हाती लागलं तर आवाजाचीही नक्कल होते. व्हॉट्सॲपवर तर कुणीही कुणाचाही फोटो लावू शकतो. म्हणून पैशाचा विषय निघाला की मेसेजला उत्तर द्यायचं नाही. आपल्याकडे आधीपासून जो नंबर आहे, त्यावर आपण स्वतः फोन लावायचा.

आता कामाचं. आधी त्या खोट्या खात्याचे स्क्रीनशॉट घ्या आणि त्याची लिंक कॉपी करून ठेवा. नाव क्षणात बदलता येतं, लिंकवरून माग काढणं सोपं जातं. हे झाल्यावरच त्या पानावरच्या तीन टिंबांवर जाऊन रिपोर्ट करा. कुणीतरी तुमचं सोंग घेतलंय असा पर्याय तिथे असतो. विद्यार्थ्यांनाही तसंच करायला सांगा. फेसबुक दाद देत नसेल तर त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. तोतयेगिरीची तक्रार आल्यावर २४ तासांत तो मजकूर हटवायचा, असं बंधन २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी घातलं. तुमच्या खऱ्या खात्याची मित्रयादी ‘फक्त मी’वर ठेवा, प्रोफाइल लॉक करा.

पैशाचं म्हणाल तर ते तुम्ही घेतलेले नाहीत, मग भरून का द्यायचे? तुम्ही दिलेत तर लोकांना वाटेल, गुरुजींचंच काहीतरी चुकलं असणार. त्याऐवजी त्या मुलाबरोबर पोलीस ठाण्यात जा. त्याला ते जास्त उपयोगी पडेल. ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीसाठी सरकारचा १९३० हा नंबर आहे, त्यावर लगेच फोन केला असता तर पैसे पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची आशा जास्त होती. आता उशीर झालाय, तरी तक्रार सोडू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ड नेमकं याच गुन्ह्यासाठी आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड.

आणि फेसबुक बंद करू नका. तुम्ही बंद केलंत तर तुमच्या नावाचं एकच खातं उरेल, ते त्या ठगाचं. उलट आजच खऱ्या खात्यावर लिहा, शाळेच्या, गावाच्या, भावकीच्या ग्रुपवर टाका : ‘माझ्या नावाने कुणी पैसे मागितले तर तो मी नव्हे, मला फोन करा.’ मान खाली घालायची वेळ तुमच्यावर आलेली नाही, गुरुजी. तुमच्या शब्दाला गावात किंमत आहे म्हणून तर त्याने तुमचं नाव उचललं.

तक्रारी मात्र दोन होतील : नाव-फोटो वापरल्याची तुमची, पैसे गेल्याची त्या मुलाची. दोघांनी आपापल्या तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या आणि एकमेकांच्या अर्जात त्याचा उल्लेख करा.