समुद्रतळावरचे उकळते झरे आणि बारके भूकंप

समुद्रतळावरच्या गरम झऱ्यांपाशी सारखे भूकंप का होतात? (विद्यार्थिनी, सातारा)

बऱ्याच अंशी पाण्यामुळेच. मेक्सिकोच्या पश्चिमेला ईस्ट पॅसिफिक राइज या पर्वतरांगेवर सुमारे 2500 मीटर खोल पाण्यात असे झरे आहेत. तिथे शिलारस तळाखाली जेमतेम दीड किलोमीटरवर असतो. भेगांतून थंड पाणी आत उतरलं की तापलेला खडक आकसतो आणि तडकतो. असं प्रत्येक तडकणं म्हणजे एक बारका भूकंप. भूकंपशास्त्रज्ञ माया टॉलस्टॉय यांच्या गटाने 2003 पासून तळावर भूकंपमापक ठेवून असे हजारो धक्के टिपले. तोवर समज असा होता, की पाणी रांगेच्या उतारांवर, माथ्यापासून दूर आत शिरतं. 2008 साली या गटाने धक्क्यांच्या जागा मांडल्या, तेव्हा वेगळंच चित्र दिसलं: पाणी माथ्यावरच्याच एका चिंचोळ्या पट्ट्यातून खाली जातं आणि माथ्याच्या रेषेनेच पुढे सरकत झऱ्यांतून वर येतं. न दिसणाऱ्या पाण्याची वाट धक्क्यांवरून काढली, हे मला या कामातलं सर्वांत देखणं वाटतं.

मग उद्रेकाची चाहूलही लागत असेल? (निवृत्त शिक्षक, नाशिक)

लागते, पण तारीख सांगण्याइतकी नाही. याच ठिकाणी धक्क्यांचं प्रमाण दोनेक वर्षं वाढत गेलं आणि 2006 च्या सुरुवातीला लाव्हा फुटला. यंत्रं आणायला जहाज गेलं, तेव्हा बारापैकी चारच वर आली. पाच यंत्रांनी हाकेला ओ दिली, पण ती जागची हलली नाहीत. लाव्हाने त्यांना धरून ठेवलं होतं! तिघांकडून काहीच उत्तर आलं नाही.

भरती-ओहोटीचा यात काही हात असतो का? (वाचक, पणजी)

असतो. अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्यापासून दूर असलेल्या अ‍ॅक्सिअल या सागरी ज्वालामुखीवर 2015 च्या उद्रेकाआधी धक्के ओहोटीच्या वेळी जास्त येत. हे कोडंच होतं. तिथे भेगेच्या वरच्या बाजूचा खडक खाली घसरतो. मग पाण्याचा भार वाढल्यावर, म्हणजे भरतीला, तो घसरायला हवा. नंतरचा खुलासा असा, की ओहोटीला भार कमी होताच खालचा शिलारसाचा साठा किंचित फुगतो आणि भेगेवरचा ताण उलट वाढतो.

कार्ल्सबर्ग रांगेतल्या भूकंपाने कोकणात त्सुनामी येईल? (वाचक, रत्नागिरी)

त्याची शक्यता फार कमी. अरबी समुद्रापलीकडच्या, समुद्रतळावरच्या या पर्वतरांगेत भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात किंवा बाजूने घासतात. मोठा तळ एकदम उचलला जाण्याजोगे महाभूकंप तिथे होत नाहीत. काळजी करायचीच तर पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याची करा. 28 नोव्हेंबर 1945 च्या तिथल्या भूकंपाची त्सुनामी मुंबईपर्यंत पोहोचली होती.