गटिंग किती पाउंडांचं?

प्रश्न : वय ४६. वर्षभर रोज सकाळी क्लबात बॅडमिंटनचे डबल्स खेळतो. स्मॅशला जोर यावा म्हणून ३यू वजनाची, हेड-हेवी (डोक्याकडे जड), कडक दांडीची रॅकेट घेतली आणि २८ पाउंडांच्या ताणाचं गटिंग (गट म्हणजे तार लावून जाळी विणणं) करून घेतलं. आता फूल (शटल) मागच्या रेषेपर्यंत जातच नाही, वर कोपर दुखतं. रॅकेट बदलू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी गटिंग बदला, रॅकेटचं नंतर बघू. जास्त पाउंड म्हणजे जास्त जोर, असं क्लबाक्लबांतून ऐकू येतं. खरं तर ते नेमकं उलटं आहे. २२-२३ पाउंडांची जाळी फूल आदळलं की किंचित आत दबते आणि उसळून त्याला परत फेकते. २८ पाउंडांना ती पाटासारखी होते. दबणंच नाही, त्यामुळे उसळीही नाही. सगळा जोर तुमच्या हातानंच पुरवायचा. शिवाय फूल अगदी मधोमध बसलं तरच धड जातं. दोन बोटं इकडेतिकडे लागलं की ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो, फूल अर्ध्या कोर्टात पडतं आणि झटका कोपरात जातो. २८-३० पाउंड लावणाऱ्या खेळाडूंचा हात मुळातच वेगानं फिरतो. त्यांना जाळीकडून जोर नको असतो, नेमकेपणा हवा असतो.

नवशिक्यानं २० ते २२, तुमच्यासारख्यानं २२ ते २४ (म्हणजे साधारण १० ते ११ किलो), आणि तीन-चार वर्षं शिकून खेळणाऱ्यानं २४ ते २६ पाउंड ठेवावेत. वाढवायचं तर दर गटिंगला एकच पाउंड. तेही आपल्या मागच्या रेषेवरून मारलेला क्लिअर (उंच, लांब फटका) समोरच्या मागच्या रेषेपर्यंत न ओढाताण करता पोहोचत असेल तरच.

रॅकेटच्या मुठीवरच्या शंकूवर बारीक अक्षरांत काही खुणा असतात, त्या वाचा. योनेक्सच्या रॅकेटवर ‘यू’च्या आधीचा आकडा जितका मोठा तितकी रॅकेट हलकी : ३यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू म्हणजे ८० ते ८४, ५यू म्हणजे ७५ ते ७९. तिथेच किती पाउंडांपर्यंत ताणता येईल तेही लिहिलेलं असतं. तोल पाहायचा तर रॅकेट आडवी करून दांडी एका बोटावर तोला. मुठीच्या टोकापासून तोलाचा बिंदू ढोबळमानानं २९५ मिमीच्या पुढे असेल तर डोकं जड, २८५च्या आत असेल तर हलकं. डबल्समध्ये नेटजवळ रॅकेट झटकन वर यावी लागते, म्हणून तुम्हाला ४यू, समतोल, मध्यम लवचीक दांडीची रॅकेट बरी. पण हीच रॅकेट २३ पाउंडांवर महिनाभर खेळून बघा, कदाचित खर्च वाचेल. कोपर मात्र बरं होईपर्यंत खेळ बंद, आणि दुखणं हटलं नाही तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : मुलगी ९ वर्षांची आहे, नुकताच क्लास लावलाय. घरी दुकानातला दोन रॅकेटचा जोड आहे. सर म्हणतात, नवी घ्या. खरंच गरज आहे का?
– एक आई, ठाणे

उत्तर : आहे. त्या जोडातल्या रॅकेटची दांडी बहुधा लोखंडी असते आणि फ्रेम वेगळी जोडलेली. वजनामुळे मूल मनगटाऐवजी खांद्यानं मारायला लागतं, आणि ती सवय पुढे मोडता मोडत नाही. पूर्ण ग्राफाइटची, ५यू वजनाची, लवचीक दांडीची रॅकेट घ्या. मूठ बारीक हवी. योनेक्समध्ये जी५ ही जी४पेक्षा बारीक. काही कंपन्यांचे आकडे उलटे चालतात, तेव्हा मुलीला दुकानात नेऊन हातात धरूनच बघा. मूठ धरल्यावर बोटांची टोकं आणि तळव्याचा उंचवटा यांच्यामध्ये करंगळीएवढी फट राहिली पाहिजे. वरून दोन-दोन ग्रिप चढवू नका. गटिंग १९-२० पाउंड. भारी रॅकेटचा हट्ट तिनं धरला तरी दोन वर्षं थांबा.

प्रश्न : महिन्यातून दोनदा गट तुटतो, तोही नेहमी वर, फ्रेमजवळ. ०.६५ मिमीचा गट आहे, २६ पाउंडांवर. गटिंगवाल्याचं चुकतंय का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बहुधा नाही. मधोमध, तारा एकमेकींवर घासून खाचा पडलेल्या ठिकाणी तुटला, तर गटाचं आयुष्य संपलं. वर फ्रेमजवळ तुटला, तर फूल तिथे लागतंय : तुम्ही उशिरा पोहोचताय किंवा ते डोक्यामागे गेल्यावर मारताय. ऐन भोकापाशी तुटला, तर मात्र तिथलं ग्रोमेट (भोकात बसवलेली प्लॅस्टिकची नळी) बघा. नखाला चीर लागली तर पुढच्या गटिंगच्या वेळी ते बदलून घ्या, काम दोन मिनिटांचं आहे.

तूर्त ०.७० मिमीचा गट (योनेक्सचा बीजी ६५ चालेल) २४ पाउंडांवर लावा. बारीक गटाचा तो खणखणीत आवाज जाईल, पण गट जास्त टिकेल. आडव्या तारा उभ्यांपेक्षा एक-दोन पाउंड जास्त ठेवायला सांगा, म्हणजे फ्रेमचा आकार बिघडत नाही. आणि गट तुटला की रॅकेट तशीच पिशवीत टाकू नका. एक तार गेली की बाकीच्या फ्रेमला एकाच बाजूनं ओढत राहतात आणि २४-२६ पाउंडांवर फ्रेम तडकूही शकते. कोर्टावरच कात्री घ्या, मधल्या तारांपासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, उभ्या-आडव्या दोन्ही कापत जा.