यीस्टमधलं ग्लुकोज शोषण: आधी बिनयीस्टची नळी लावा

जांभळाच्या बियांचा अर्क घातल्यावर यीस्टने ग्लुकोज जास्त घेतलं, अर्क वाढवला तसं शोषण वाढत गेलं, अगदी मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन या औषधालाही मागे टाकलं. मग हा अर्क मधुमेहावर गुणकारी आहे असं प्रोजेक्टमध्ये लिहू का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते इतक्यात लिहू नका. आधी यीस्ट न घालता फक्त अर्क आणि ग्लुकोजची नळी लावा.

तुम्ही नळीत उरलेलं ग्लुकोज जीओडी-पीओडी किटने (ग्लुकोज ऑक्सिडेज आणि पेरॉक्सिडेज या विकरांवर चालणारी रंगचाचणी) मोजताय. त्यात ग्लुकोजपासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि त्याच्या जोरावर गुलाबी रंग येतो. जांभळाच्या बीत गॅलिक आम्ल, एलॅजिक आम्ल, टॅनिन असा फेनॉलिक द्रव्यांचा भरणा असतो. रंग धरायच्या आतच ही द्रव्यं ते पेरॉक्साइड फस्त करू शकतात. रंग फिका, रीडिंग कमी, आणि आपलं सूत्र (घातलेलं ग्लुकोज वजा उरलेलं) म्हणतं शोषण वाढलं! अर्क दुप्पट केला की रंग आणखी फिका पडतो, त्यामुळे आलेख सुरेख चढत जातो. मेटफॉर्मिनमध्ये फेनॉल नाही, म्हणून त्याला हा फुकटचा फायदा मिळत नाही. नेहमीच्या कंट्रोलमध्ये अर्क सोडून बाकी सगळं असतं, त्यामुळे ही गडबड त्यात पकडली जात नाही. बिनयीस्टच्या नळीत जेवढं ग्लुकोज घातलं तेवढंच रीडिंग यायला हवं. कमी आलं तर तेवढी घट शोषणाच्या खात्यात धरता येणार नाही. डीएनएस या साखर मोजायच्या दुसऱ्या रंगचाचणीने मोजलं तर बहुधा उलटं होईल: अर्कातली साखर आणि फेनॉल स्वतःच रंग देतात आणि शोषण कमी दिसतं.

समजा, ही नळी स्वच्छ निघाली. तरी यीस्ट म्हणजे स्नायूची पेशी नव्हे. आपल्या स्नायूंत आणि चरबीच्या पेशींत इन्सुलिनच्या इशाऱ्यावर ग्लूट-4 ही वाहक प्रथिनं पेशीपटलावर येतात. यीस्टला इन्सुलिनचा रिसेप्टरच नाही. त्याचे एचएक्सटी वाहक ग्लुकोजला जास्त संहतीकडून कमीकडे जाऊ देतात, आणि आत आलेलं ग्लुकोज हेक्सोकायनेज या विकराने लगेच फॉस्फेट जोडून पुढे ढकललं की आणखी आत येत राहतं. म्हणजे नळीतलं ग्लुकोज कमी होण्यात वाहकांइतकाच किण्वनाचाही हात असतो. अर्कात सॅपोनिन (साबणासारखी फेसाळ द्रव्यं) असतील तर पेशीपटलच गळकं होऊ शकतं. मिथिलिन ब्लू घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघा, मेलेल्या पेशी निळ्या दिसतात.

आता जे बहुतेक कोणी करत नाही ते सांगतो, आणि मला तेच सर्वांत मोलाचं वाटतं. डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा पुन्हा धुतलेलं यीस्ट क्षारांना पारखं झालेलं असतं. वनस्पतीच्या अर्कात पोटॅशियम भरपूर, आणि पोटॅशियम मिळालं की यीस्टचं किण्वन वाढतं. म्हणून तेवढ्याच अर्काची मफल फर्नेसमध्ये (उच्च तापमानाच्या भट्टीत) राख करा, म्हणजे सेंद्रिय द्रव्यं जळून क्षार तेवढे उरतील; ती पाण्यात विरघळवा, पीएच मूळ अर्काइतका आणा (राख अल्कधर्मी असते, विसरू नका) आणि तिची वेगळी नळी लावा. राखेनेही शोषण तितकंच वाढलं, तर श्रेय बहुधा क्षारांचं. राखेने काही झालं नाही आणि अर्काने झालं, तर तुमच्या हाती खरंच काहीतरी आहे. मग "या अर्काने यीस्टमधलं ग्लुकोज शोषण वाढलं" एवढं निःशंक लिहा, आणि पुढचा प्रयोग स्नायूपेशींच्या कल्चरवर करण्याबद्दल गाईडशी बोला.