सलग किती सामने जिंकले, आणि कुठल्या स्पर्धेत?

प्रश्न : आमच्या सरांनी पीडीएफए (पुणे जिल्हा फुटबॉल संघटना) लीगमध्ये प्रशिक्षक म्हणून दोन संघ सांभाळले. पहिल्याबरोबर ४० सामन्यांत २४ विजय, दुसऱ्याबरोबर २० सामन्यांत १६. म्हणजे ६० आणि ८० टक्के. क्लबच्या स्मरणिकेत सरासरी ७० टक्के छापू का? सलग विजयही द्यायचे आहेत. (एक वाचक, कोथरूड)

७० नको. तशी सरासरी काढली की २० सामन्यांना ४० सामन्यांइतकंच वजन मिळतं. विजयांची आणि सामन्यांची बेरीज आधी करा : ६० पैकी ४०, म्हणजे ६६.७ टक्के. जादा वेळेत जिंकलेला सामना विजयच. पेनल्टी शूटआउटवर सुटलेला मात्र बरोबरीत. २०१६ची जर्मन कप फायनल बायर्न म्युनिकने शूटआउटवर ४-३ जिंकली, तरी त्यांचे तेव्हाचे प्रशिक्षक पेप गार्डिओला यांच्या हिशेबात ती बरोबरीच धरतात. मैत्रीपूर्ण सामने गाळा आणि वॉकओव्हरचा रकाना वेगळा ठेवा.

खरा घोळ सलग विजयांत होतो. गार्डिओलांनी तीन देशांत लीगचे विक्रम केले : बार्सिलोना २०१०-११मध्ये सलग १६, बायर्न २०१३-१४मध्ये १९, मँचेस्टर सिटी २०१७मध्ये १८. थोर कामगिरी, यात वाद नाही. पण या तिन्ही मालिका चालू असतानाच ते संघ इतर स्पर्धांत हरलेही होते. बार्सिलोना स्पॅनिश कपमध्ये बेतिसकडून १-३, बायर्न चॅम्पियन्स लीगमध्ये मँचेस्टर सिटीकडून २-३, आणि सिटी त्याच स्पर्धेत शाख्तारकडून १-२. म्हणून ‘सलग १९’ एवढंच छापलं तर ते चूक ठरतं. ‘लीगमध्ये सलग १९’ हवं. सरांच्या आकड्यापुढेही स्पर्धा आणि हंगाम लिहाच.

प्रश्न : हंगामाच्या मध्येच प्रशिक्षक बदलला, तर विजय कुणाचे? (एक वाचक, पिंपरी)

सामना झाला त्या दिवशी संघाची जबाबदारी ज्याच्याकडे, त्याचे. इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) एफसी गोवाने प्रशिक्षक सर्जिओ लोबेरांना जानेवारी २०२०अखेर दूर केलं. उरलेले साखळी सामने त्यांच्या जागी आलेल्या क्लिफर्ड मिरांडांच्या नावावर जातात, जरी लीग शिल्डच्या (साखळीत पहिला येणाऱ्या संघाचं पारितोषिक) श्रेयात लोबेरांचा वाटा मोठा असला तरी. पुढच्याच हंगामात लोबेरांनी मुंबई सिटीला शिल्ड आणि करंडक (बाद फेरीनंतरचं विजेतेपद) दोन्ही मिळवून दिले. अंतोनिओ हबास यांचं उलट : मोहन बागानकडे ते २०२३-२४च्या मध्यावर आले आणि शिल्ड जिंकून दिलं. त्याआधी एटीकेबरोबर २०१४ आणि २०१९-२० अशी दोन आयएसएल विजेतेपदं, मध्ये २०१६ला आपल्या बालेवाडीत एफसी पुणे सिटी. विजेतेपदं आणि सामन्यांतले विजय यांचे तक्ते वेगवेगळे करा.