ठेक्यावरच्या पगारातून पीएफचे दोन्ही वाटे

प्रश्न : मुलगा जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात ठेकेदारामार्फत मशीन चालवतो. पगारपत्रकावर मूळ पगार १२,००० रुपये आणि पीएफची कपात २,८८०. शेजारच्या मशीनवरच्या कायम कामगाराला दुप्पट पगार. हा कुठला न्याय? – एक वाचक, पाळधी

उत्तर : आधी कपात. १२ टक्क्यांनी मुलाचा वाटा १,४४० रुपये होतो. उरलेले १,४४० मालकाच्या वाट्याचे. ते मजुरीतून वळते करायला कायद्याने मनाई आहे. ‘ठरलेल्या रकमेतच सगळं आलं’ हे ठेकेदाराचं नेहमीचं उत्तर ऐकून घेऊ नका.

यूएएनचं, म्हणजे मुलाच्या पीएफच्या कायम क्रमांकाचं, पासबुक उघडा. मालकाच्या वाट्यातले सुमारे १,००० पेन्शनच्या रकान्यात आणि ४४० पीएफमध्ये दिसायला हवेत. भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत व्हावा लागतो. रिकामे महिने लिहून काढा आणि पीएफ कार्यालयाकडच्या तक्रारीत ठेकेदाराबरोबर कंपनीचंही नाव घाला. बहुतेक अर्ज इथेच फसतात. ठेकेदार गाशा गुंडाळतो आणि कागदावर दुसरं कोणी उरत नाही. ठेकेदाराने थकवलेला पीएफ आणि मजुरी भरण्याची जबाबदारी कायद्याने कंपनीवर येते. गेटपास, पगारपत्रक, बँकेचा उतारा जोडा.

ठेकेदार बदलला तरी यूएएन तोच राहू द्या. जुन्याने काम सोडल्याची तारीख टाकली नसेल, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती पीएफच्या पोर्टलवर स्वतः टाकता येते.

मजुरीची तक्रार जळगावच्या सहाय्यक कामगार आयुक्तांकडे करा. भुसावळची रेल्वे किंवा वरणगावची आयुधनिर्माणी असती, तर ती केंद्राच्या कामगार यंत्रणेकडे गेली असती.

दुप्पट पगाराचं दुखणं खरं आहे, पण तिथे वाट अवघड. ‘समान काम, समान वेतन’ म्हणून सांगितला जाणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा निकाल सरकारी खात्यांतल्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांचा आहे. तुमच्या मुलाला तो आपोआप लागू होत नाही.

प्रश्न : कमी पगारात माणसं मिळतात, तर कंपनीने जास्त का द्यावं? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : जिनिंगसारख्या (कापसातली सरकी काढण्याच्या) हंगामी कामाला ठेका समजू शकतो. बारमाही मशीनवर मात्र कंपनीचा वाचलेला पैसा कामगाराच्या ग्रॅच्युइटीतून आणि रजेतून येतो. लोकांना पगारातला फरक खुपत नाही; कामात फरक नसताना केलेला फरक खुपतो. म्हणूनच सरकारी पदं बाह्ययंत्रणेमार्फत, म्हणजे खासगी ठेकेदारांकडून, भरण्याचा सप्टेंबर २०२३ चा शासन निर्णय स्पर्धा परीक्षेच्या मुलांच्या रोषामुळे ऑक्टोबरातच मागे घ्यावा लागला.